बिलाच्या खिडकीतला डेटाबेस

गावातल्या दूध संस्थेचं काम वरवर पाहिलं तर कुणालाही सोपं वाटेल. सकाळ-संध्याकाळ माणसं किटल्या घेऊन येतात, दूध काट्यावर जातं, त्यातलं थोडं यंत्राखाली जातं, फॅट आणि डिग्री कळते, पावती निघते. दहा दिवसांनी बेरीज करून, पेंडीचे पैसे कापून बिल होतं. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला हा प्रकल्प दिला तर दुपारच्या जेवणाआधी तो तीन टेबलं काढून दाखवेल: उत्पादक, दूध, बिल. पहिले दहा दिवस ती टेबलं अगदी सुरळीत चालतील. अडचण अकराव्या दिवशी सुरू होते. त्या दिवशी खिडकीवर माणूस बिलाचा कागद घेऊन येतो आणि विचारतो, "मला एवढंच कसं?"

कोल्हापूर-सांगली भागात दूध संस्थांची सॉफ्टवेअरं करण्यात, आणि त्याहून जास्त दुसऱ्यांनी केलेली सावरण्यात, माझी बरीच वर्षं गेली. संस्थेचा डेटाबेस बरा की वाईट हे ठरवायला माझ्याकडे आता एकच कसोटी उरली आहे. खिडकीवरच्या त्या प्रश्नाला, सहा महिन्यांनी का होईना, कागद दाखवून उत्तर देता येतं का? उत्तर देता येत नसेल तर स्क्रीन कितीही देखणी असो, काम फसलेलं आहे.

एका संस्थेचं सांगतो. गाव लहान, संस्था जुनी, दूध बहुतेक म्हशीचं. बाहेरच्या कुणीतरी बसवलेला प्रोग्रॅम तिथं चालू होता, आणि सभासदांची कुरकुर वाढल्यावर मला बोलावणं आलं. दुधाच्या टेबलात तारीख, सभासदाचा कोड, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) एवढंच होतं. दर नव्हता. दरपत्रक वेगळ्या टेबलात होतं आणि बिल काढताना त्या घटकेला तिथं जो आकडा असेल तो उचलून प्रोग्रॅम गुणाकार करायचा. दूध संघाकडून नवीन पत्रक आलं की ऑपरेटर जुन्या आकड्यांवरच नवे आकडे टाकायचा.

दर काही बिलाच्या तारखा बघून बदलत नाही. पत्रकावर लिहिलेलं असतं, '६ तारखेच्या संध्याकाळपासून लागू', आणि पत्रक गावात पोचतं ८ तारखेला. त्या प्रोग्रॅमनं सगळ्या दहा दिवसांचं दूध नव्या दरानं धरलं. दर वाढला होता तेव्हा कुणी तक्रार केली नाही. संस्थेला बसलेला खड्डा वर्षअखेरीस लेखापरीक्षकाला दिसला. दर उतरला तेव्हा मात्र पहिल्याच दिवशी खिडकीवर गर्दी झाली. त्याहून वाईट पुढंच होतं. एका सभासदानं जुनं बिल हरवलं म्हणून नक्कल मागितली, ती प्रोग्रॅमनं आजच्या दरानं छापून दिली, आणि काही दिवसांनी मूळ बिल त्याच्या घरात सापडलं. त्याच दहा दिवसांची दोन बिलं, दोन्हींवर संस्थेचा शिक्का, आणि रकमा वेगळ्या. सेक्रेटरीनं पैसे खाल्ले असा अर्थ गावानं काढला. आकडे दोन निघाले की संशय माणसावर जातो, प्रोग्रॅमवर कधीच जात नाही. तो सेक्रेटरी वर्षभर खाली मान घालून वावरला, हे मी पाहिलेलं आहे.

दर न साठवण्याची ही चूक अडाणीपणातून झाली नव्हती, अर्धवट शहाणपणातून झाली होती. एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल पद्धतीवरचा आपला निबंध लिहिला, तेव्हापासून विद्यार्थ्यांना शिकवलं जातं की एक माहिती एकाच जागी ठेवा आणि हिशोबानं काढता येते ती साठवू नका. शिकवण बरोबरच आहे. पण त्या दिवशी त्या दुधाला लावलेला दर ही हिशोबानं काढायची गोष्ट नाही, ती घडून गेलेली गोष्ट आहे. आजचा दर आणि त्या संध्याकाळी लावलेला दर ही माहितीच दोन वेगळी आहे. म्हणून माझ्या आराखड्यात पावतीच्या ओळीतच दर आणि रक्कम लिहिलेली असते, आणि कोणत्या पत्रकावरून तो दर लागला त्या पत्रकाचा क्रमांकही असतो. पत्रकाचं टेबल वेगळं: दुधाचा प्रकार, लागू होण्याची तारीख, सकाळ की संध्याकाळ, संस्थेला मिळाल्याची तारीख. जुनं पत्रक कधीही पुसायचं नाही. नवीन पत्रक उशिरा आलं तर आधीच्या पावत्यांना हात लावायचा नाही. जो काही फरक निघतो तो स्वतंत्र ओळ म्हणून बिलात दाखवायचा. गावाकडे वर्षाचा दूध दर फरक दिवाळीला वाटायची रीत आहेच, त्यामुळे 'फरक' म्हटलं की कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्या दिवाळीच्या फरकासाठी वर्षभरातलं प्रत्येकाचं लिटर अन् लिटर लागतं. 'जुना डेटा उडवला, प्रोग्रॅम हळू चालत होता' असं सांगणाऱ्या माणसाला दिवाळीच्या आठवड्यात त्या खिडकीवर बसवलं पाहिजे.

आता सुरुवात कुठून करायची ते सांगतो. नवीन मुलं येतात ती सेक्रेटरीला विचारतात, "तुमच्या रिक्वायरमेंट काय आहेत?" सेक्रेटरी म्हणतो, "काही नाही, दूध लिहायचं आणि बिल काढायचं." तो खोटं बोलत नसतो. त्याला जे रोजच करावं लागतं ते सांगण्यासारखं वाटतच नाही. त्याला विचारू नका, त्याच्याकडच्या जुन्या वह्या मागा. त्या वह्यांत शेवटचा रकाना असतो 'शेरा'. बाकीचे रकाने वरवर चाळले तरी चालतील, शेऱ्याचा रकाना मात्र पानन् पान वाचा. 'दूध आंबट, परत.' 'लाईट नाही, मापाने घेतले.' 'फॅट दुबार पाहिली.' 'थोरल्याच्या नावे घेणे.' 'किटलीत पाणी, समज दिली.' प्रोग्रॅमला जे जे सांभाळावं लागणार आहे ते सगळं तिथं लाल शाईत लिहून ठेवलेलं असतं. बहुतेक प्रोग्रॅममध्ये हा रकाना एक तर गायब असतो, नाही तर 'रिमार्क्स' नावाची एक मोकळी चौकट ठेवून दिलेली असते आणि तिच्यात काही लिहिलं काय, न लिहिलं काय, हिशोबावर त्याचा परिणाम शून्य.

'फॅट दुबार पाहिली' हे तीनच शब्द घ्या. सभासदाला यंत्राचा आकडा पटला नाही तर तो फेरतपासणी मागतो. यंत्र पुन्हा लावतात, किंवा जुन्या गर्बर पद्धतीनं पाहतात. बुटायरोमीटरमध्ये १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल घालून फिरवायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. जुने टेस्टर अजूनही यालाच खरं मानतात. म्हणजे एका पावतीला दोन चाचण्या झाल्या. ज्या प्रोग्रॅममध्ये फॅट हा पावतीचाच एक रकाना आहे तिथं दुसरा आकडा पहिल्यावर चढतो आणि पहिला पुसला जातो. मग तंटा उभा राहिला की पहिला आकडा काय होता, तो कुणी बदलला, का बदलला, काहीच सांगता येत नाही. चाचणीला तिचं स्वतःचं टेबल द्या: पावती क्रमांक, पद्धत, फॅट, डिग्री, वेळ, करणारा. पावतीवर फक्त एवढंच ठेवा की यातली कुठली चाचणी ग्राह्य धरली.

आणि डिग्री, म्हणजे लॅक्टोमीटरचा आकडा, लिहा, नुसता एसएनएफ लिहू नका. जिथं लॅक्टोमीटर वापरतात तिथं एसएनएफ सूत्रानं काढतात, आणि सूत्रं एकाहून जास्त चालतात. एकात डिग्रीचा चौथा भाग, अधिक फॅट गुणिले ०.२१, अधिक ०.३६. दुसऱ्यात डिग्रीचा चौथा भाग, अधिक फॅट गुणिले ०.२५, अधिक ०.४४. डिग्री २८ आणि फॅट ३.५ असलेलं गाईचं दूध पहिल्या सूत्रानं ८.१ येतं, दुसऱ्यानं ८.३. दूध तेच, गाय तीच, दोन पॉइंटचा फरक, आणि प्रत्येक पॉइंटला पैसे. आकडा कुठल्या सूत्रानं आला हे पावतीबरोबर ठेवलेलं नसेल, आणि मूळ डिग्रीही जपलेली नसेल, तर पुढं सूत्र बदललं तेव्हा नेमकं काय झालं ते कुणालाच सिद्ध करता येणार नाही. लिटर-किलोचंही असंच. १०० लिटर दूध साधारण १०३ किलो भरतं. संस्था लिटरनं घेते आणि पुढं किलोनं देते असं अनेक ठिकाणी चालतं. काट्यावरही दोन्हींची सोय असते आणि बटण कुणी बदललं हे कळत नाही. आकड्याशेजारी एकक लिहिणं हा दोन अक्षरांचा रकाना आहे. तो न ठेवल्यामुळे संकलन आणि रवानगी यांच्यातल्या 'घटी'वर तास तास चाललेल्या बैठका मी ऐकल्या आहेत.

पैशांच्या बाबतीत अपूर्णांकांची सवय सोडा. संगणकाला ०.१ हा आकडा त्याच्या दोनाच्या पद्धतीत नेमका मांडता येत नाही, ०.१ आणि ०.२ ची बेरीज बऱ्याच भाषांमध्ये ०.३०००००००००००००००४ अशी येते. फ्लोट सोडून डेसिमल वापरा, किंवा रुपयांऐवजी सगळं पैशांत ठेवा. पण एवढ्यानं भागत नाही. ४.७ लिटर दूध, दर ३६.३५, रक्कम १७०.८४५. आता हे १७०.८४ की १७०.८५? पावतीगणिक पूर्णांकन करायचं की दहा दिवसांच्या बेरजेवर एकदाच? दोन्ही रीती चालतात, पण पावतीवर एक आणि बिलात दुसरी असं झालं की पावत्यांची बेरीज बिलाशी जुळत नाही. आणि गावात वीस पावत्या पिनेला टोचून ठेवणारी, दर बिलाला नातवाकडून बेरीज करून घेणारी एखादी म्हातारी असतेच. पाच पैशांसाठी ती खिडकीवर येत नाही. तिच्या हिशोबात पाच पैसे चुकत असतील तर बाकीच्यांचे किती, हा तिचा प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. पूर्णांकनाचा नियम संचालक मंडळाकडून ठराव करून घ्या आणि प्रोग्रॅमला तोच द्या. प्रोग्रॅमरनं आपल्या मनानं ठरवायची ही गोष्ट नाही.

आता सगळ्यात खोल गेलेली जखम सांगतो. त्याच संस्थेत दुधाच्या टेबलावर एक बंधन घातलं होतं: एका तारखेला, एका वेळेला, एका कोडला एकच ओळ. हेतू चांगला. चुकून दोनदा नोंद होऊ नये. पुस्तकातही हेच सांगतात. पण ज्याच्या घरी चार म्हशी आहेत तो कधी कधी दोन किटल्या आणतो. पोरगं पहिली किटली घेऊन येतं, बाप राहिलेल्या म्हशीची धार काढून अर्ध्या तासानं दुसरी आणतो. दुसऱ्या किटलीला संगणक 'नोंद आधीच आहे' म्हणून नकार द्यायचा. मागं रांग, बाहेर टेम्पो हॉर्न देतोय. ऑपरेटर काय करणार? त्यानं सोपा मार्ग काढला. दुसरी किटली त्याच घरातल्या दुसऱ्या कुणाच्या, बहुधा थोरल्या भावाच्या कोडवर टाकायची. आतल्या आत हिशोब भागायचा. घरात कुणाची तक्रार नव्हती, म्हणून कितीतरी महिने हे चाललं.

मग भाऊ वेगळे झाले. वाटणीत थोरला म्हणाला, माझ्या नावावर एवढं दूध दिसतंय तर दिवाळीचा फरकही माझाच. धाकटा म्हणाला, त्यातलं निम्मं माझ्या म्हशीचं. दोघंही संस्थेत आले आणि संगणकाकडे बोट दाखवायला लागले. संगणकातली प्रत्येक ओळ नियमाला धरून होती आणि त्यातल्या कितीतरी खोट्या होत्या. डेटाबेसचं बंधन माणसाला खरं बोलायला भाग पाडत नाही. खऱ्याला जागा ठेवली नसेल तर ते माणसाला खोटं लिहायला शिकवतं. आता मी पावती क्रमांक एकमेव ठेवतो, एका कोडला एकाच वेळी दुसरी पावती होत असेल तर स्क्रीनवर विचारतो, 'ही दुसरी किटली का?', आणि हो म्हटलं की पुढं जाऊ देतो. बंधन घालण्याआधी स्वतःला एक विचारा: हे बंधन ज्या दिवशी आडवं येईल त्या दिवशी रांगेसमोर बसलेला ऑपरेटर काय करेल?

कोरं आणि शून्य यांचा घोळही याच जातीचा. यंत्र बिघडलं, फॅट पाहिलीच नाही. ऑपरेटरनं रकाना कोरा ठेवला तर प्रोग्रॅम पुढं जाऊ देत नाही, म्हणून तो ० टाकतो. वीस वेळांपैकी एकोणीस वेळा ४.० आणि एकदा ०, सरासरी आली ३.८. माणसाचं काहीही चुकलेलं नसताना त्याचं दूध कागदावर पातळ झालं. 'पाहिली नाही' हे उत्तर डेटाबेसला समजलं पाहिजे, आणि अशा वेळी मागच्या सरासरीनं दर लावायचा असेल तर तोही तसा लिहून लावला पाहिजे. सरासरी काढताना लिटरचा भार धरा हे सांगायला नको; पण मी पाहिलेल्या निम्म्या प्रोग्रॅममध्ये तो धरलेला नव्हता.

यंत्राचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. काटा आणि मिल्क ॲनालायझर संगणकाला केबलनं जोडलेले असतात आणि आकडा आपोआप येतो. एका ठिकाणी तक्रार आली की अमक्याची फॅट नेहमी त्याच्या पुढच्या माणसासारखीच लागते. लोक हसायचे. खरं निघालं. यंत्राला उशीर झाला की प्रोग्रॅम केबलमधून मागचाच आकडा पुन्हा वाचायचा. त्या दोघांची घरं शेजारी म्हणून सकाळी रांगेतही एकामागं एक. प्रत्येक आकड्याबरोबर यंत्राची वेळ किंवा अनुक्रम घ्या, तोच आकडा दुसऱ्यांदा आला तर नाकारा. हसण्यावारी नेलेल्या तक्रारीत बऱ्याचदा तांत्रिक खूण असते.

उत्पादक म्हणजे कोण, हा प्रश्न कोड लिहिताना कुणाला पडत नाही. संस्थेत कोड म्हणजे माणूस. ४१ नंबर म्हटलं की अमक्याचं घर. एका संस्थेत ४१ नंबरचे तात्या वारले, सहा महिने नंबर रिकामा राहिला, मग तो नव्या सभासदाला दिला. त्या संस्थेत कोड हीच प्रायमरी की होती. तात्यांची पेंडीची बाकी नव्या माणसाच्या बिलातून कापली गेली. उलटंही होतं: मुलाला बापाचाच नंबर हवा असतो, त्यात भावना असते, आणि तो द्यायला हरकत नाही. माणसाला आतला एक न बदलणारा क्रमांक द्या, जो कुणाला दिसायचीही गरज नाही. गावातला नंबर वेगळ्या टेबलात, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कुणाचा, असा ठेवा. ४१ नंबर मग कितीही पिढ्या फिरू दे. आधार क्रमांक मात्र यासाठी वापरू नका. तो सगळ्यांकडे सुरुवातीला नसतो, चुकीचा लिहिला जातो, आणि बिलाच्या कागदावर पूर्ण छापला की तो गावभर होतो. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेत मंजूर झालेला आहे. दूध संस्थेला त्याच्याशी काय करायचंय, असं म्हणून चालणार नाही.

२०२४ च्या सुरुवातीला राज्य सरकारनं गाईच्या दुधाला लिटरमागं ५ रुपये अनुदान दिलं तेव्हा हे सगळं एकदम उघडं पडलं. पैसे थेट उत्पादकाच्या बँक खात्यात जाणार होते. त्यासाठी त्याचं आधार, बँक खातं, आणि त्याच्या जनावरांच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक जोडायचा होता. ज्या प्रोग्रॅममध्ये कोड हाच माणूस होता आणि जनावर ही वस्तूच नव्हती, तिथल्या सेक्रेटऱ्यांनी रात्री जागून एक्सेलमध्ये याद्या केल्या. गाय आणि म्हैस एकाच कोडवर मिसळलेली, बँकेतलं नाव इंग्रजीत एक, सातबाऱ्यावर दुसरं, संस्थेच्या वहीत टोपणनाव. दूध बायको घालते, खातं नवऱ्याचं. सरकार पुढं काय मागेल ते आधी कळत नाही, कबूल. पण माणूस, खातं, जनावर आणि नंबर या चार वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला सरकारी परिपत्रकाची वाट बघायची गरज नव्हती.

नावं मराठीत ठेवा, युनिकोडमध्ये ठेवा, आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल तर तो आधी बदलून घ्या. एक बारीक खड्डा माहीत असू द्या. 'कुऱ्हाडे' मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसायला सारखाच, आत मात्र वेगळा. एका ऑपरेटरनं एका तऱ्हेनं लिहिलं, दुसऱ्यानं दुसऱ्या तऱ्हेनं शोधलं, तर संगणक म्हणतो असा सभासद नाही. नाव साठवतानाच ते एका ठरलेल्या रूपात आणणारी दोन ओळींची आज्ञा लिहिली की हा त्रास संपतो.

कपातींवर मी हवा तेवढा वेळ खर्च करतो, कारण सेक्रेटरीचं खरं शहाणपण तिथं असतं. समजा बिल झालं २,१४० रुपये. पेंडीचे १,५५०, पतसंस्थेचा हप्ता १,०००. कापायचे २,५५०, म्हणजे बिलापेक्षा जास्त. प्रोग्रॅम काय करणार? मी पाहिलेल्या एका प्रोग्रॅमनं उणे ४१० रुपयांचं बिल छापून दिलं होतं. अनुभवी सेक्रेटरी आधी पेंड कापतो, हप्त्याला जमेल तेवढं लावतो, आणि शे-दोनशे रुपये माणसाच्या हातात ठेवतो. "घरात काहीतरी गेलं पाहिजे, नाही तर उद्या दूध दुसऱ्या डेअरीला घालेल," असं एका सेक्रेटरींनी मला सांगितलं. हा नियम कुठल्याही उपविधीत लिहिलेला नाही. तो विचारून, मंडळासमोर मांडून, मगच टेबलात आणायचा असतो. प्रत्येक कपातीला तीन आकडे ठेवा: मागणी किती, कापले किती, बाकी किती. आणि कुठली आधी, कुठली नंतर, तो क्रम संस्थेला बदलता येऊ द्या.

खोडण्याचं बटण नसावं. चूक झाली की उलट नोंद करायची आणि मग बरोबर नोंद. कुणी केली, केव्हा केली, कुणाच्या सांगण्यावरून केली हे सोबत. सहकारी संस्थेचं दरवर्षी लेखापरीक्षण होतं, आणि लेखापरीक्षकाला खोडलेली ओळ दिसत नाही म्हणून तो जास्तच शोधतो. याच कारणासाठी पावतीला दोन वेळा द्या: दूध केव्हा आलं ती, आणि नोंद केव्हा झाली ती. लाईट गेली म्हणून संध्याकाळचं दूध वहीत लिहून सकाळी संगणकात चढवलं, यात गैर काहीच नाही. दोन वेळांमधलं अंतर लपवलं तर मात्र गैर दिसतं.

बॅकअपविषयी लांबण लावत नाही. पेन ड्राइव्ह त्याच कपाटात असेल आणि पुराचं पाणी त्याच खोलीत शिरणार असेल तर तो बॅकअप नव्हे. २०१९ च्या पुरानंतर पंचगंगा-कृष्णाकाठी हे कुणाला पटवावं लागू नये. एक प्रत गावाबाहेर ठेवा आणि तीन महिन्यांतून एकदा ती दुसऱ्या संगणकावर चढवून एक जुनं बिल छापून पाहा.

हे सगळं प्रोग्रॅम करणाऱ्यांसाठी झालं. शेवटचं सांगायचंय ते चेअरमन, सेक्रेटरी आणि संचालक मंडळींना. वर सांगितलेल्या संस्थेतून जुना प्रोग्रॅम काढायला कुणाची हरकत नव्हती, पण आतला डेटा काढता येईना. पासवर्ड बसवणाऱ्याकडे, आणि त्याचा फोन बंद. वर्षानुवर्षांचं दूध सभासदांचं, संगणक संस्थेचा, आणि किल्ली तिऱ्हाइताकडे. शेवटी छापील बिलांवरून परत सगळं हातानं चढवावं लागलं. म्हणून नवीन सॉफ्टवेअर घेताना करारात एक कलम स्वतः लिहून घाला: सगळा डेटा कुठल्याही दिवशी, कुठलेही जादा पैसे न घेता, एक्सेलमध्ये उघडेल अशा साध्या फाइलींत मिळेल, आणि कुठल्या टेबलात काय आहे याचा मराठीतला तक्ता संस्थेच्या दप्तरी राहील. विकणारा याला नाही म्हणाला तर त्या करारावर सही करू नका.